पिकपची दृष्ट

चालू इंजिनात हात घातला, बोटाला झटका बसला आणि लहान पोरासारखं मी ते बोट तोंडात घातलं. ते खारट लागलं. चालू इंजिनात हात घालू नये हे मला ठाऊक होतं. मोटारीबद्दल मला नक्की ठाऊक असलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावतील एवढ्याच होत्या, आणि ही त्यांतली पहिली. मिरज रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, रुईच्या वखारीचे मालक लालासाहेब यांची पिकप पुढचं झाकण उघडून उभी होती आणि गेल्या वीस दिवसांसारखीच मिसिंग करत होती. म्हणजे चार ठोके पडायला हवेत तिथे तीन पडत होते आणि चौथ्याच्या जागी नुसता खड्डा. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं दर खेपेला वाटत होतं. डिसेंबर महिना, सकाळचे आठ, नदीवरून आलेलं धुकं उसाच्या शेंड्यांवर अजून तसंच होतं. खारट म्हणजे घाम, असं मी स्वतःला सांगितलं. मग थंडीनं माझे दात वाजतायत हे लक्षात आलं. इंजीन बंद केलं, त्याच जागेवरून पुन्हा बोट फिरवलं आणि पुन्हा चाटलं. तेवढ्यात उसाची गाडी घेऊन एक बाबा चालला होता. त्यानं बैल थांबवले, मला नीट बघून घेतलं आणि विचारलं, “काय मिस्त्री, गोड लागती का?” मी म्हणालो, “खारट हाय.” तो इतका हसला की त्याचा एक बैल दचकला. मी खरं बोललो की लोक हसतात, ही माझी जुनी अडचण आहे. मी तोंड सरळ ठेवून बोलतो, आणि सरळ तोंडाचा माणूस चेष्टाच करणार असं एकदा ठरलं की मग पुढं काही इलाज राहत नाही.

बॅटरीचं तेजाब आंबट असतं. हे मीठ होतं; चुलीशेजारच्या बरणीतलं, भाकरीच्या पिठातलं मीठ. आणि ते तिथे कुणी घातलं हे मला जिभेनं डोक्याच्या आधी सांगितलं. मी बोट फिरवलं तो काळा डबा म्हणजे चार प्लगांना आळीपाळीनं करंट वाटून देतो तो. त्याच्या डोक्यातून पाच जाड तारा निघतात, चार कडेला आणि एक मध्ये. तो कोरडा असेल तर प्रत्येक प्लगला आपापला करंट मिळतो. त्याच्यावर मिठाचं पाणी पडलं तर करंट वाट मिळेल तिकडं पळतो आणि एखादं घर, म्हणजे सिलिंडर, उपाशी राहतं. हे मला आता कळलं, रस्त्याच्या कडेला, बोट चाटून. वीस दिवसांपूर्वी कळलेलं नव्हतं. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा अडली होती म्हणून लालासाहेबांनी मला वखारीवर बोलावलं, मी झाकण उघडून इकडं हलव, तिकडं हलव असं केलं, आणि गाडी सुरू झाली. एखादी तार ढिली असणार, माझ्या हातून ती बसली असणार. कोणती, ते आजही सांगता येणार नाही. लालासाहेबांची थोरली बहीण धोंडुबाई, सगळी त्यांना आक्का म्हणतात, दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय झालतं रं हिला?” आता काय झालं होतं ते मला माहीत नाही असं म्हणणं हा एक मार्ग होता. पण मिस्त्रीनं तो घ्यायचा नसतो. मी म्हणालो, “आक्का, दृष्ट लागलीया. लढाईत इटलीला हुती ही. गोऱ्या बायांनी लय बघितलंय हिला.” त्या हसल्या नाहीत. मी थांबायला हवं होतं. पण समोरचा हसत नाही तोवर पुढं जायचं ही माझी सवय, म्हणून मी पुढं गेलो. म्हणालो, “रोज सकाळी मीठ-पाणी वाटीत घ्यायचं, गाडीवरनं तीनदा ओवाळायचं आणि ह्या काळ्या डब्यावर पाच बोटांनी शिपडायचं. पाच तारा म्हंजी पाच पांडव. मधली धर्माची, तिच्यावर जरा जास्ती.” आक्का एवढंच म्हणाल्या, “धर्माची मधली. बरं.” आणि आत गेल्या. मला वाटलं, म्हातारीला चेष्टा कळली नाही. म्हातारीला ती औषधाची चिठ्ठी वाटली असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

त्यानंतर पिकप रोज सकाळी रडायची आणि रोज दुपारी, पाणी सुकलं की, शहाणी व्हायची. इमामभाई तिचा ड्रायव्हर. पंचेचाळिशीचा माणूस, लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवरची प्रवाशांची सर्व्हिस मोटार सातारा ते सांगली ओढलेला, दर दहा मैलांवर उतरून भट्टी ढवळलेला. तो सकाळी रुईचे गठ्ठे घालून माधवनगरच्या गिरणीत जायचा, येताना सूत घेऊन यायचा आणि मग दुपारी गाडी माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आणायचा. “मिस्त्री, सकाळच्याला लय तरास देती. तासगाव नाक्यापातूर रडत जाती.” मी इंजीन सुरू करायचो. चारी घरं नीट मारायची, इन्स्पेक्टर आल्यावर शाळा वागते तशी. चार वेळा मी प्लग काढून ब्रशनं घासले, कार्बोरेटर उघडला, फुंकला, बंद केला. एकदा त्या काळ्या डब्यावर पांढरी भुकटी दिसली, ती मी फडक्यानं झटकून टाकली आणि इमामभाईला म्हणालो, “रस्त्याची धूळ लय खाती.” सांगलीच्या रस्त्याची धूळ पांढरी नसते हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या गोष्टींपैकी तीही एक होती. पाचव्या खेपेला मी झाकण उघडलंच नाही. माझ्यासमोर गाडी नीट चालते आणि ह्याच्यासमोर चालत नाही, तर दोघांपैकी कुणाच्यात तरी खोट आहे, आणि मी मिस्त्री होतो. त्या संध्याकाळी लालासाहेबांनी मला बाजूला घेतलं. लढाई संपली तरी पेट्रोल अजून कुपनावर होतं, काळ्या बाजारात त्याला मागणी होती. ते हळू आवाजात म्हणाले, “कृष्णात, इमाम पेट्रोल काढून इकत असंल का रं? आणि वर रॉकेल घालत असंल?” मला त्या क्षणी काय वाटलं हे मी पुष्कळ आठवून पाहिलं आहे. इमामभाई चोर आहे असं नाही वाटलं. सुटलो, असं वाटलं. वर्तमानपत्रात एक वाक्य वाचलं होतं, बरेच दिवस ते कुठंतरी वापरावं असं मनात होतं. मी तोंड सरळ ठेवून म्हणालो, “शक्यता नाकारता येत नाही.” लालासाहेबांनी मान हलवली. आयुष्यात मी बोललेलं एकच वाक्य लोकांनी गंभीरपणे घेतलं होतं, दोन धरली तर दुसरं दृष्ट लागल्याचं. दोन्ही एकाच गाडीबद्दल होती.

बाभळीखाली बसून मला उगीचच गावाकडचं, मेढ्याचं घर आठवत होतं. मी फौजेत वर्कशॉपमध्ये आहे असं घरी लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं; मी वर्कशॉपमध्येच होतो, ट्रकांवर पांढऱ्या रंगानं नंबर काढायला. माझा आठ फार चांगला यायचा. पण पत्र चावडीत वाचलं जायचं, आणि चावडीत वाचायच्या पत्रात आठ चांगला येतो असं कुणी लिहीत नाही. मी लिहिलं, इंजिनं दुरुस्त करतो. परत आलो तेव्हा बाबांनी माझ्या पिशवीतला पाना काढून देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला आणि झेंडूचं फूल वाहिलं. मी म्हणालो, बाबा, त्यानं फक्त रंगाच्या डब्यांची झाकणं उघडलीत. सगळे हसले. बाबा सर्वांत जास्त हसले आणि पाना तिथेच राहिला. मी सांगलीला आलो तो त्या पान्यापासून लांब जावं म्हणून, असं मला कधीकधी वाटतं. पण माणूस पान्यापासून पळून मिस्त्रीचं दुकान काढतो, हे कुणाला सांगितलं तर तेही हसतील.

काल लालासाहेबांनी इमामभाईकडून किल्ली काढून घेतली होती. आज दहा वाजता लालासाहेब रेशनिंगच्या साहेबाला कागद देणार होते: ड्रायव्हर पेट्रोलात भेसळ करतो. खाली मिस्त्री म्हणून माझी सही. त्या सहीवर इमामभाईचं लायसन जाणार होतं, कदाचित तोही तुरुंगात जाणार होता. सकाळी मी गाडी ताब्यात घेतली ती टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून पुरावा करायला. आणि वखारीतून निघताना, वीस दिवसांत पहिल्यांदा, सकाळची पिकप माझ्या हाताखाली रडली. म्हणून मी थांबलो, म्हणून हात घातला. आता मी धोतराच्या सोग्यानं तो काळा डबा पुसला, टोपण काढून आतून पुसलं, पाच तारा एकेक करून पुसल्या, आणि हँडल मारलं. चार ठोके. खड्डा नाही. इतकं गुळगुळीत चाललं की मला रडू यायला हवं होतं. पण मला आलं काय, तर हिशेबी विचार. सही करायची नाही. आक्कांना सांगायचं, दृष्ट उतरली, आता मीठ-पाणी बंद. गाडी नीट चालेल, इमामभाईला किल्ली मिळेल, आणि मिस्त्रीनं दोष काढला असंही होईल. कुणाचं काही जात नव्हतं. फक्त इमामभाई सुटलेला चोर म्हणून राहिला असता. चहाच्या दुकानात त्याला रॉकेलशेठ म्हणायला लागले होते, ते म्हणतच राहिले असते. मी तो विचार पुष्कळ वेळ धरून बसलो, हे सांगायला हवं. लगेच उठलो असं सांगितलं तर ते खोटं होईल.

वखारीसमोर लालासाहेब खुर्चीवर होते, मांडीवर पाट, पाटावर कागद. इमामभाई पायरीच्या खाली, टोपी हातात घेऊन. आक्का जोत्यावर तांदूळ निवडत होत्या. मी गाडी बंद केली आणि म्हणालो, “पेट्रोल चांगलं हाय. दोष माझा हाय.” लालासाहेब वाट बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची तयारी मला स्पष्ट दिसली. मी सगळं सांगितलं: इटली, गोऱ्या बाया, मीठ-पाणी, पांडव, बोट चाटलं ते. धर्माच्या तारेपर्यंत आलो तेव्हा लालासाहेबांच्या मांडीवरचा पाट खाली पडला होता. ते डोळे पुसत म्हणाले, “आरं गड्या, तू सरणावरनं उठून बी लोकास्नी हसवशील. बरं, तुला त्येची दया आली आसंल तर ऱ्हाऊ दे. घडतंय मान्साच्या हातनं. इमाम, जा, सोडला तुला ह्या खेपंला.”

“काय घडलंय मालक माज्या हातनं?” इमामभाईनं विचारलं.

“आता सोडलं म्हनलं न्हवं?”

“सोडलं म्हंजी धरलं हुतं. काय धरलं हुतं?”

लालासाहेबांचं हसू ओसरायच्या आत आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. साऱ्या वखारीत त्या एकट्या हसल्या नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, “मी मीठ टाकाय लागल्यापास्नं बिघडली व्हय रं?”

“व्हय आक्का.”

“आणि आज पुसलंस तर चालली?”

“व्हय.”

त्या जोत्यावरून हळूहळू उतरल्या. गुडघे धरत इमामभाईसमोर गेल्या. “तू रोज झाकण उघडून धरत हुतास की रं, आज किल्ली न्हवती तरीबी. मला जड व्हतंय म्हनून.”

“व्हय. तोंड फिरवून धरत हुतो.”

“पानी कुटं पडतंय ते बघितलं न्हाईस?”

“तुमच्या देवाचं काम, आक्का. मी कसा बगू? आन् मिस्त्रीनंच सांगितलंय म्हनला हुता तुमी.”

आक्कांनी हात जोडले. म्हाताऱ्या बाईनं, धाकट्या भावासमोर, भावाच्या ड्रायव्हरला हात जोडले. “माज्या हातनं झालं लेकरा. माज्या मिठानं झालं.” इमामभाई एकदम मागं सरला, “आवं आवं” करत टोपी डोक्यावर घालायला लागला, ती खाली पडली. मी तिथे उभा होतो. माझ्या हातून झालं असं मी आत्ताच सविस्तर, पांडवांसकट सांगितलं होतं आणि त्याची गंमत झाली होती. आक्कांनी ते चार शब्दांत घेतलं आणि त्याची लाज झाली. मला ती परत मागता येईना. माझ्यावर दोनदा विश्वास ठेवणारी जगात एकच बाई निघाली, आणि दोन्ही वेळा त्यात तिचंच नुकसान झालं. लालासाहेबांनी कागद फाडला, चार तुकडे केले, मग आठ केले, आणि किल्लीसाठी माझ्याकडे हात केला. माझ्याकडून घेऊन त्यांनी ती स्वतः इमामभाईला दिली.

इमामभाई गाडीत बसला. मला वाटलं आता तो निघून जाईल. त्यानं पलीकडचं दार उघडलं. “बसा मिस्त्री.” मी बसलो. पिकप पेठेतून बाहेर पडली आणि पहिल्याच चहाच्या दुकानासमोर थांबली. आतून कुणीतरी ओरडलं, “या रॉकेलशेठ!” इमामभाईनं इंजीन चालूच ठेवलं, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. म्हणाला, “सांगा.” मी आधी समजलो नाही. “काय सांगू?” “मगाशी सांगितलं त्ये. हितंबी सांगा.” मी उतरून सांगितलं. दुकान हसून हसून लोळलं, एकानं मला फुकट चहा दिला. मी येऊन बसलो. पुढं पेट्रोल पंप. “सांगा.” मग तासगाव नाका, तिथल्या कारकुनानं आठवड्यापूर्वी इमामभाईची टाकी काठी घालून हुंगली होती. “सांगा.” मग माधवनगरला गिरणीचं फाटक. आणि इथे जे झालं ते मला कबूल करायला सर्वांत जड जातं. चौथ्या खेपेला ती गोष्ट सुधारली होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, हे मला कळायला लागलं होतं. उसाच्या गाडीचा बैल आता नुसता दचकत नव्हता, पळून जात होता. फाटकावरचे दहाबारा जण माझ्याभोवती गोळा झाले आणि मला बरं वाटलं. शरमेनं काळा पडायला निघालेला माणूस मी, आणि मला बरं वाटलं. परत येऊन बसलो तेव्हा इमामभाईनं गाडी लगेच हलवली नाही.

“एक नवीन घातलंत,” तो म्हणाला.

“बैलाचं व्हय? ते जरा—”

“बैल पळू द्या. गोऱ्या बाया बी ऱ्हाऊ द्यात. ‘मी इमामभाईला कवाच चोर म्हनलो न्हाई’ असं म्हनला तुमी मगाशी. त्ये काडा.”

मला आठवेना. मग आठवलं. मी ते म्हणालो होतो, दोन हशांच्या मध्ये, सहज, जसं रिकाम्या जागी एखादा धोंडा आपोआप बसतो. मी म्हणालो, “काढतो.” इमामभाई म्हणाला, “परत जावा. काडून सांगा.” मी परत गेलो आणि काढून सांगितलं. ह्या वेळी लोक कमी हसले. गोष्ट दुसऱ्यांदा ऐकली म्हणून असेल.

मग परत निघालो. पिकप चार ठोक्यांवर सरळ चालली होती, आणि प्रत्येक ठोका मला वेगळा ऐकू येत होता. एरवी नीट चाललेल्या इंजिनाचे ठोके कुणी मोजत नाही. सांगलीत आल्यावर त्यानं वखारीचा रस्ता सोडला, बोळात वळला आणि एका बुटक्या घरासमोर थांबला. दारावर गोणपाटाचा पडदा होता, पडद्याखाली कोंबडीचे पाय दिसत होते. मी आजवर त्याच्या घरी आलो नव्हतो. तो उतरला नाही. हात तसेच स्टिअरिंगवर. “आत नूरजहां हाय, घरवाली. सांगा.” आणि म्हणाला, “मी हितंच बसतो.”

मी पडद्यापाशी उभा राहिलो आणि वहिनी म्हणून हाक मारली. पडद्यामागे कुणीतरी उठल्याचं जाणवलं. मी सुरुवात केली. चार ठिकाणी घासून गुळगुळीत झालेली गोष्ट, पण इथे इटलीपाशीच ती अडखळली. पडद्याला तोंड नसतं. कोण कुठं हसेल हे कळत नव्हतं, म्हणून कुठं थांबायचं हे कळत नव्हतं. गोऱ्या बाया मी गाळल्या. पांडव गाळले. गाळत गाळत शेवटी एवढंच राहिलं की गाडी माझ्यामुळं बिघडली, मला दोष सापडला नाही, मालकांनी इमामभाईबद्दल विचारलं आणि मी हो म्हणालो. हो म्हणालो, असंच सांगितलं. हे सगळं मिळून दोन मिनिटांत संपलं. इतकी छोटी गोष्ट होती ती. कोंबडी निघून गेली. मग बाईचा आवाज आला, अगदी हळू, मला सांगायला नव्हे तर आपल्यालाच ऐकवायला असावा तसा.

“मी बी इचारलं हुतं त्यास्नी. रॉकेल घालता का म्हनून. दोनदा इचारलं.”

गेले वीस दिवस तो माणूस सकाळी रडणारी गाडी चालवून, दुपारी माझ्यासमोर खोटा पडून, इथे येत होता, आणि इथेही त्याला कुणी विचारत होतं. चहाचं दुकान, पंप, नाका, गिरणी हे सगळं त्यानं वाटेवरचं म्हणून उरकलं होतं. माझ्या तोंडून बाहेर पडलेलं एक वाक्य ह्या पडद्याच्या आत, चुलीपर्यंत आलं होतं, आणि ते पुसायला माझ्यापाशी फडकं नव्हतं. आतून बाई म्हणाली, “आता तुमी जावा. त्यास्नी आत याला सांगा.”

मी गाडीपाशी आलो. इमामभाईनं माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर भीती होती.

“हसली का?”

“न्हाई. आत या म्हनल्या.”

त्यानं इंजीन बंद केलं, खाली उतरला, टोपी नीट केली आणि पडदा बाजूला सारून आत गेला.